पितळी थवा

जयवंतराव शिर्क्यांचा राग बडोद्यातल्या सगळ्या हरणी भागाला ठाऊक होता. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं शिल्पकाम चालायचं, आणि काम बिघडलं की शेडमधून आधी पक्कड बाहेर यायची, मग हातोडी, आणि शेवटी स्वतः जयवंतराव. माणसावर त्यांनी जन्मात कधी हात उगारला नाही. पण पितळेच्या पत्र्याला, तारांना, वेळप्रसंगी स्वतःच्या स्कूटरला ते जे काही सुनावायचे, ते शेजारच्या गुजराती बायकांनी मराठी येत नसूनही पाठ केलं होतं. त्यांचे आजोबा गायकवाड सरकारच्या घोडदळात रिसालदार होते. आवाज तिथून आलाय, असं त्यांची आई मथुराबाई कौतुकानं सांगायची.

त्यांच्या बायकोला, आनंदीबाईंना, मात्र या आवाजाचं कौतुक कधीच वाटलं नाही. त्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. दिवसभर वर्गातला कलकलाट ऐकून घरी आल्यावर जरा शांतता मिळावी, एवढंच त्यांचं मागणं होतं, आणि लग्न झाल्यापासून ते कधी पुरं झालं नव्हतं.

त्या वर्षी, नवरात्र संपून दिवाळी यायची होती तेव्हा, ते एकदम पुरं झालं.

सकाळी शेडमधून काहीतरी पडल्याचा आवाज आला. नेहमीप्रमाणे त्यामागून शिव्या येतील म्हणून आनंदीबाई थांबल्या. शिव्या आल्या नाहीत. त्या धावत गेल्या तेव्हा जयवंतराव फरशीवर पडलेले, आणि ज्या नमुन्यावर ते काम करत होते तो त्यांच्या अंगावर. बांबूच्या कामट्यांची चौकट आणि तिला दोऱ्यांनी टांगलेले पत्र्याचे चिमुकले पक्षी. शेजारी धावून आले, जयवंतरावांना उचललं. या गडबडीत कुणाच्या पायात दोरे अडकले, कुणी ते ओढून काढले. त्या क्षणी नमुन्याकडे बघायला कुणाला भान होतं?

पक्षाघात होता. जिवावरचं टळलं, पण उजवा हात गेला, उजवा पाय अर्धामुर्धा राहिला आणि वाचा गेली. म्हणजे सगळी गेली नाही. एक शब्द राहिला.

"बरं."

"चहा देऊ?" "बरं." "खिडकी लावू?" "बरं." आमटीत मीठ कमी पडलं तर ताट सरकवणारा माणूस, पण दवाखान्यातली पिचपिचीत खिचडी चमच्यानं भरवली तरी "बरं". घरी आल्यावरही तेच. आनंदीबाई एकदा मुद्दाम म्हणाल्या, "शेडमधलं सगळं भंगारात देऊन टाकू का?" त्यावरही त्याच शांत, पोकळ आवाजात "बरं" आलं, आणि त्या स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभ्या राहिल्या.

डॉक्टरांना त्यांनी विचारलं, "त्यांना कळतंय ना सगळं?"

"काही कळत असेल, काही नसेल," डॉक्टर म्हणाले. "आत्ताच सांगता येणार नाही. तुम्ही बोलत राहा."

त्या बोलत राहिल्या. पण रोज संध्याकाळी जयवंतरावांजवळ बसल्यावर एकच प्रश्न त्यांच्या मनात यायचा. हा माणूस आत आहे का? का मी रिकाम्या घराचं दार वाजवतेय?

दिवाळी झाली आणि निरुपमा दिघे घरी आली. ती वास्तुशिल्पी होती. रेसकोर्सच्या बाजूला एक नवं हॉटेल उभं राहत होतं, त्याचं आतलं सगळं काम तिच्याकडे होतं. लाउंजच्या उंच छतातून काहीतरी टांगायचं होतं, आणि ते जयवंतरावांनीच करावं हा हट्ट तिचा. जयवंतरावांनी भोरड्यांचा थवा करायचं ठरवलं होतं. हिवाळ्यात बडोद्यात भोरड्या येतात, ज्यांना गुजराती लोक वैया म्हणतात. संध्याकाळी हजारांनी आभाळात घिरट्या घालतात, चादर झटकल्यासारख्या वळतात आणि अंधार पडायच्या आत झाडांवर उतरतात. जयवंतराव दर वर्षी गच्चीवर उभे राहून चहा पार गार होईपर्यंत त्यांच्याकडे बघत बसायचे.

थव्यातले पक्षी तयारच होते. शहरातल्याच गोरवा भागात सुभाषभाई पांचाळांचं वर्कशॉप होतं, तिथे ते पत्र्यातून कापून झाले होते. बहुतेक पितळेचे, काही तांब्याचे, मध्येच चमकायला थोडे स्टीलचे. प्रत्येक पक्षी तळहाताएवढा, आणि प्रत्येकाचे पंख जयवंतरावांनी स्वतः दुमडलेले, म्हणून एक दुसऱ्यासारखा नाही. उरलं होतं ते फक्त टांगणं.

निरुपमा बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "काकू, मालक विचारताहेत. उद्घाटन जवळ आलंय. मुंबईहून काचेचं झुंबर आणायचं म्हणतात. तुम्ही सांगाल तसं मी त्यांना सांगते. काकांची तब्येत अशी असताना मी आग्रह कसा करू?"

"त्यांना विचारून येते," आनंदीबाई म्हणाल्या.

जयवंतराव आतल्या खोलीत खुर्चीत बसले होते. आनंदीबाई त्यांच्यासमोर बसल्या. "अहो, थवा आपणच लावायचा का? सुभाषभाई आहेत, मी आहे. नमुन्यावरून लावू."

"बरं."

"का राहू दे? नको ती दगदग?"

"बरं."

दोन्ही वेळा आवाजात तसूभर फरक नव्हता. आनंदीबाई उठून बाहेर आल्या आणि निरुपमाला म्हणाल्या, "हो म्हणालेत. आम्ही लावतो."

नवऱ्याच्या नावानं आपण परस्पर निकाल दिला, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण ते पक्षी वर्कशॉपच्या कोपऱ्यात गोण्यांत धूळ खात पडलेत, हे त्यांच्या डोळ्यांसमोर आलं आणि दुसरं काही तोंडातून निघालंच नाही.

दुसऱ्या दिवशी सुभाषभाई नमुना बघायला आले. जयवंतरावांचा आणि त्यांचा जुना दोस्ताना. दोघांची भांडणं अर्ध्या गोरव्यानं ऐकलेली. जेवणाच्या टेबलावर नमुना ठेवून दोघं दोऱ्यांचा गुंता सोडवत बसले. आनंदीबाईंची बोटं शिवणकामाला सरावलेली, त्यामुळे गाठी सुटत गेल्या. चौकट पुन्हा टांगली तेव्हा थव्याचा आकार बराचसा दिसायला लागला. फक्त मध्यावर एक मोठं भगदाड होतं.

"अहींना तूटी गया लागे छे," सुभाषभाई म्हणाले. इथले तुटून पडलेत वाटतं.

ते पटण्यासारखंच होतं. शेड झाडताना टेबलाखाली मूठभर सुटे पक्षी सापडले होतेच. दोघांनी दोरे बांधून ते भगदाडात लावले, आणि थवा भरगच्च दिसायला लागला. आनंदीबाई नमुना आतल्या खोलीत घेऊन गेल्या. "अहो, असंच होतं ना हे?"

जयवंतरावांनी नमुन्याकडे बघितलं, की त्याच्या पलीकडच्या भिंतीकडे, ते कळलं नाही.

"बरं," ते म्हणाले.

आनंदीबाईंनी शाळेतून रजा घेतली. जयवंतरावांची धाकटी बहीण कमलाताई दिवसा त्यांच्याजवळ येऊन बसायला लागली, आणि आनंदीबाई रोज सकाळी डबा घेऊन हॉटेलवर जायला लागल्या. लाउंजमध्ये परांची बांधली होती. छताला आधीच लोखंडी जाळी बसवलेली होती, तिच्यातून बारीक तारा सोडायच्या आणि प्रत्येक तारेला पक्षी अडकवायचे. कुठली तार किती लांब सोडायची, तिथेच सगळी मेख होती. सुरुवातीला आनंदीबाई खाली नमुना घेऊन उभ्या राहून सांगायच्या. पण खालून नीट कळेना, म्हणून एके दिवशी पदर खोचला आणि त्या सरळ परांचीवर चढल्या.

"भाभी, पडशो!" सुभाषभाई ओरडले.

"नाही पडत. तुम्ही शिडी धरा."

वर गेल्यावर त्यांना पहिल्यांदा कळलं की नवऱ्याला या कामाचं एवढं वेड का होतं. बोटानं हलका धक्का दिला की पक्षी गरकन फिरायचा आणि खिडकीतलं ऊन अंगावर घेऊन परत यायचा. घरी गेल्यावर त्या जयवंतरावांना सगळं सांगायच्या, आज कुठली बाजू झाली, कुठली तार दोनदा बदलली. ते ऐकायचे. "बरं" म्हणायचे.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी काम पुरं झालं. परांची उतरवून नेली, संगमरवराला पॉलिश झालं. निरुपमानं आनंदीबाईंना मिठी मारली. हॉटेलचा मॅनेजर सगळ्यांना हात जोडत सुटला होता. थवा खरंच देखणा दिसत होता. भरगच्च, झगमगता, लाउंजच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"काकांना आणूया," निरुपमा म्हणाली. "उद्या गर्दी असेल. आज निवांत बघतील."

हेच आनंदीबाईंना नको होतं. ते बघतील आणि "बरं" म्हणतील. मग काय राहिलं? पण नाही कसं म्हणणार? सुभाषभाई मोटार घेऊन हरणीला गेले आणि दुपारचं जेवण होताच जयवंतरावांना घेऊन आले. हॉटेलच्या नोकरांनी त्यांना धरून आणून थव्याखालच्या मोठ्या खुर्चीत बसवलं. काठी त्यांच्या डाव्या हातात दिली. आनंदीबाई खुर्चीच्या मागे उभ्या राहिल्या. त्यांच्या तोंडाकडे बघायचा त्यांना धीर होईना.

जयवंतरावांनी मान वर केली. बराच वेळ ते बघत राहिले.

मग आनंदीबाईंना त्यांची मान लाल होताना दिसली. कानशिलं लाल झाली. खुर्ची थरथरायला लागली. पुन्हा झटका आला, या भीतीनं त्या धावत पुढे आल्या.

"अहो! काय होतंय?"

जयवंतरावांच्या ओठांची झटापट चालली होती. "न..." असा आवाज आला. मग पुन्हा "न... ना..." आणि काठी वर करून, छताच्या मध्यावर रोखून, त्यांनी असा काही आवाज काढला की काउंटरमागच्या मुलीच्या हातातून फोन पडला.

"नाही!"

सगळं लाउंज दणाणलं.

"नाही! नाही! नाही!"

"काका, प्लीज, शांत व्हा," निरुपमा घाबरून म्हणाली. "त्रास होईल तुम्हाला. नाही आवडलं तर—"

पण सुभाषभाई हसायला लागले होते. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "भाभी," ते म्हणाले, "आ तो जयवंतभाई बोल्या! आपणा जयवंतभाई!"

आनंदीबाई त्या चकचकीत संगमरवरावर मटकन बसल्या. हसू येतंय का रडू, त्यांचं त्यांनाच कळेना. गेले कित्येक आठवडे त्या ज्या दारावर थापा मारत होत्या, त्या दारामागून कुणीतरी खेकसलं होतं. जयवंतरावांसारखं खेकसणं दुसऱ्या कुणाला जमलंच नसतं. पदरानं डोळे पुसून त्या उठल्या.

"काय नाही? नीट सांगा. कुठे चुकलं?"

काठी पुन्हा मध्यावर गेली. "नाही."

सुभाषभाईंनी मोटारीतून नमुना आणला आणि त्यांच्यासमोर धरला. जयवंतरावांनी काठी टाकली, डावा हात पुढे केला आणि मधले चिमुकले पक्षी दोऱ्यांसकट उपटायला लागले. एक ओढायचा, मांडीवर टाकायचा. पुन्हा पुढचा. डावा हात अडखळत होता, दोरा सापडत नव्हता, सापडला नाही की ते चिडत होते. पण कुणी मदतीला गेलं नाही. शेवटी मधलं भगदाड पुन्हा उघडं पडलं, आणि त्यांनी दमून मान टेकवली.

"रिकामं ठेवायचं होतं?" आनंदीबाईंनी विचारलं. "मुद्दाम?"

त्यांनी होकाराची मान डोलावली. मग डाव्या हाताचा पंजा पसरून तो भगदाडातून सपकन आरपार नेला. बोटं आकड्यासारखी वळलेली.

"शिकरा!" आनंदीबाई म्हणाल्या. एकदा गच्चीवर जयवंतरावांनी तो शिकारी पक्षी त्यांना दाखवला होता. थव्यावर शिकरा झेपावला की भोरड्या मधून फाकतात, त्याला वाट देतात आणि पुन्हा मिटतात. थवा आहे म्हणून शिकऱ्याला एक भोरडी निवडता येत नाही, असं काहीतरी ते भारावून सांगत होते आणि आनंदीबाईंचं लक्ष गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांकडे होतं.

मॅनेजरनं परांची पुन्हा आणायला साफ नकार दिला. उद्या सकाळी पाहुणे येणार, फरशीवर ओरखडा पडला तर त्याची नोकरी जाईल, आणि मुळात जे आहे ते इतकं छान दिसतंय. "मॅडम, कुणाला कळणार आहे?" तो निरुपमाला म्हणाला.

"नाही!" खुर्चीतून गर्जना झाली.

निरुपमानं एकदा जयवंतरावांकडे बघितलं, एकदा मॅनेजरकडे. "परांचीच्या पायांखाली गाद्या घाला," ती म्हणाली. "तुमच्या सगळ्या खोल्यांतल्या घाला हव्या तर. काम आत्ता होईल. मालकांशी मी बोलते."

मग ती दुपार काय रंगली! जयवंतराव खुर्चीत, हातात काठी. परांचीवर सुभाषभाई आणि आनंदीबाई. खालून काठी हलायची, वरून पक्षी सुटायचा. चुकीचा सुटला की "नाही!" आणि काठी फरशीवर आपटायची. सुभाषभाईंचे कारागीर आधी बिचकले, नंतर प्रत्येक "नाही"ला आपसात हसायला लागले.

"अहो, तोच तर काढला!" आनंदीबाई वरून ओरडल्या.

"नाही!"

"मग कुठला? काठी अशी गरगर फिरवलीत तर मला काय कळणार? एका जागी धरा!"

काठी एका जागी आली. आनंदीबाईंच्या लक्षात आलं की आपण नवऱ्यावर ओरडलो. आजारी माणसाशी कुणी भांडत नाही. इतके दिवस त्या गोड बोलून, हळू बोलून, हसून बोलून थकून गेल्या होत्या. आता त्यांनी घसा मोकळा सोडला. "आणि जरा दम धरा! मला दोनच हात आहेत!"

खाली जयवंतरावांनी भिवया वर केल्या. पण दम धरला.

उन्हं कलली तेव्हा मधली जागा मोकळी झाली होती. भगदाडाच्या कडेच्या काही तारा जयवंतरावांनी आखूड करायला लावल्या, काही लांब, त्यामुळे तिथले पक्षी बाजूला उसळल्यासारखे दिसायला लागले. परांची बाजूला झाली. कुणीतरी बाहेरचं दार उघडलं, वाऱ्याची झुळूक आत आली आणि सगळा थवा एकदम हलला. आधी तो नुसता झगमगत होता. आता त्याच्या पोटातून काहीतरी नुकतंच आरपार गेलं होतं आणि तरीही तो उडत होता. मॅनेजर तोंड उघडं टाकून बघत राहिला. निरुपमा जयवंतरावांच्या खुर्चीच्या हातावर येऊन बसली.

हॉटेलनं सगळ्यांना चहा दिला. आनंदीबाई जयवंतरावांजवळ स्टूल ओढून बसल्या.

"एक सांगू?" त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही हो म्हणालात असं मी निरुपमाला सांगितलं. पण तुम्ही हो म्हणाला नव्हतात. मला काही कळत नव्हतं, म्हणून मीच ठरवून टाकलं. केलं ते चुकलं का माझं?"

जयवंतरावांनी चहाचा कप खाली ठेवला. थव्याकडे बघितलं, मग बायकोकडे, आणि पुन्हा थव्याकडे. त्यांच्या कपाळावर आठी पडली. ते विचार करत होते. उत्तर काय येतं याची आनंदीबाईंना आता भीती राहिली नव्हती. कितीतरी आठवड्यांत पहिल्यांदा उत्तर द्यायच्या आधी हा माणूस थांबला होता, आणि त्या थांबण्यानंच त्यांच्या छातीवरचा दगड उतरला.

बऱ्याच वेळानं जयवंतरावांनी मान डावीकडून उजवीकडे हलवली. चुकलं नाही.

उद्घाटन सकाळी झालं. पाहुणे आत येत होते, वर बघत होते आणि मागून येणाऱ्यांच्या पायांत पाय अडकवत होते. जयवंतरावांना शाल दिली, आनंदीबाईंनाही दिली. जेवायचा आग्रह झाला, पण जयवंतराव दमले होते, म्हणून दोघं रिक्षानं घरी निघाले. सुभाषभाई मोटारीनं सोडतो म्हणत होते. आनंदीबाईंनीच नको म्हटलं. त्यांना दोघांनाच जायचं होतं.

रिक्षा सुरसागर तलावापाशी आली आणि काठी बाहेर निघाली. जयवंतरावांनी रिक्षावाल्याच्या पाठीत हलकेच ढोसलं आणि डावीकडे दाखवलं.

"सीधा लेवानुं छे, भाई," आनंदीबाई म्हणाल्या.

"नाही!"

"अहो, तिकडे काय आहे?"

तिकडे काय होतं ते त्यांनाही माहीत होतं. तिकडे सेव-उसळीची गाडी होती. जयवंतरावांनी डाव्या हातानं वाटी केली आणि वरून तिखट तर्री ओतल्याचा अभिनय केला.

"मुळीच नाही. डॉक्टरांनी तिखट बंद केलंय."

"नाही!"

"मी पण नाहीच म्हणतेय!"

रिक्षावाल्यानं रिक्षा कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि मागे वळला. "काका, मासी, पहेलां नक्की करी लो. मने उतावळ नथी."

दोघांचं बराच वेळ चाललं. एका बाजूला एकच शब्द, दुसऱ्या बाजूला शब्दच शब्द, तरी सामना बरोबरीचा होता. येणारे-जाणारे वळून बघत होते. शेवटी आनंदीबाई जिंकल्या. रिक्षा सरळ निघाली. जयवंतराव रागानं तोंड फिरवून बाहेर बघत बसले आणि घर येईपर्यंत त्यांनी बायकोकडे ढुंकून पाहिलं नाही. आनंदीबाईंनी दोन्ही शाली मांडीवर नीट घडी करून ठेवल्या, मागे टेकल्या आणि त्यांची ती रुसलेली पाठ मनसोक्त बघत राहिल्या.